षड्ज जागेवर हवा

जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त झाला, हे कशावरून ठरवायचं? थाळी फिरू लागली, आवाज आला, लाकडाला पॉलिश चढलं की काम झालं, असं बहुतेक जण मानतात. या पुस्तकाची अट त्याहून कडक आहे. गायिका काळी चारमध्ये गायली असेल तर तिची रेकॉर्ड आपल्या घरातही काळी चारमध्येच वाजली पाहिजे. मागचा तानपुरा पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकाच षड्जावर राहिला पाहिजे. तोवर दुरुस्ती पुरी झाली असं म्हणू नये. पुढच्या प्रकरणांत तेल, रबर, तारा, सुया यांच्याबद्दल जे काही लिहिलं आहे ते या एका अटीसाठी लिहिलं आहे.

गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली की सगळे स्वर अर्ध्या स्वराने चढतात. पांढरी एकची काळी एक होते. आपल्याकडे पट्टी म्हणजे काही नुसती सोय नव्हे. गळा कुठे खुलतो, तार षड्जावर किती वेळ थांबता येतं, खर्जात कुठवर उतरता येतं, हे सगळं जोखून गाणारा आपली पट्टी ठरवतो आणि बहुधा आयुष्यभर तिच्याशी राहतो. ती सरकली की लयही सरकते, कारण रेकॉर्डवर दोन्ही एकाच दोरीने बांधलेल्या असतात. शिवाय आवाजाचा पोतही बदलतो. चढलेल्या गतीत भरदार आवाज चिरका होतो, तर उतरलेल्या गतीत चपळ तान जड वाटू लागते. ऐकणारा मग गायकाबद्दल मत बनवतो, आणि ते मत खरं तर मोटारीबद्दलचं असतं.

बालगंधर्वांच्या ७८च्या रेकॉर्ड घ्या. पुरुषाच्या गळ्यातून उमटणारी ती स्त्रीभूमिकेची गायकी किती नाजूक तोलावर उभी आहे, हे त्या योग्य गतीत ऐकल्यावरच कळतं. यंत्र जरा जोरात फिरलं की आवाज आपोआप बायकी होतो आणि त्या कलावंताने जे कसबाने साधलं ते यंत्रानेच उरकून टाकलं जातं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं उलट. त्यांचा आवाज मुळातच उंच आणि बारीक. त्यावर आणखी गती चढली की त्या स्वरातला कारुण्याचा ओलावा आटतो आणि नुसती टोकदार रेघ उरते. मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्यांच्या शेजारात ज्यांनी आयुष्याची अखेरची वर्षं काढली आणि तानपुऱ्याच्या जुळणीवर ज्यांचा जीव होता, त्या माणसाचं गाणं बेसूर यंत्रावर लावू नये असं मला मनापासून वाटतं.

पण योग्य गती म्हणजे कोणती? १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड आणली तेव्हापासून उत्तर सोपं आहे: मिनिटाला ३३⅓ फेरे. लहान रेकॉर्डला ४५. मात्र ज्यांना आपण सरसकट ‘७८च्या’ म्हणतो त्या सगळ्या ७८ला ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग १९०२मध्ये कलकत्त्यात आला आणि गौहर जानचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गायचं, तबकडी वजनावर चालणाऱ्या यंत्राने फिरायची. त्या काळातल्या रेकॉर्ड मिनिटाला सत्तरच्या आसपासच्याही सापडतात आणि ऐंशीच्या वरच्याही. १९२५नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि मगच ७८ हा आकडा जवळपास सर्वत्र स्थिरावला. हा आकडाही विजेतूनच आला. ६० हर्ट्झच्या मोटारीला ठरावीक गिअर लावला की ७८.२६ फेरे मिळतात आणि ५० हर्ट्झवर ७७.९२. फरक इतका सूक्ष्म की कानाला जाणवत नाही.

मग १९२५पूर्वीची रेकॉर्ड कोणत्या गतीला लावायची? इथे कान हाच मुख्य आधार. साथीला पेटी असेल तर शोध सोपा होतो, कारण पेटीचे सूर ठरलेले. गाण्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत असेल तर गती चुकली आहे असं समजावं. त्या वेळच्या पेट्याही एकमेकींशी तंतोतंत जुळत नसत, तेव्हा हा अंदाजच, पण चांगला अंदाज. दुसरी खूण बोलण्याची. सुरुवातीच्या कित्येक रेकॉर्डच्या शेवटी कलावंत स्वतःचं नाव मोठ्याने सांगतात. गाताना माणूस आवाज हवा तसा वळवतो, बोलताना तो जास्त उघडा पडतो. ते चार-पाच शब्द माणसाने बोलल्यासारखे वाटेपर्यंत गती पुढेमागे करत राहावं.

यासाठी गती सलग बदलता येईल असं यंत्र लागतं, आणि म्हणूनच स्वित्झर्लंडच्या लेन्को कंपनीचं एल ७५ हे मॉडेल मला इतकं मोलाचं वाटतं. त्याच्या मोटारीचा दांडा निमुळता शंकूसारखा आहे आणि त्याला टेकलेलं रबरी चाक त्या शंकूवर हवं तिथे सरकवता येतं. जाड बाजूला थाळी जोरात, बारीक बाजूला सावकाश, आणि मधली प्रत्येक गती मिळते. स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीच्या ३०१चा थाट मोठा. १९५०च्या दशकात बीबीसीच्या स्टुडिओंत ते यंत्र राबलं, आणि आज त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. त्यात अॅल्युमिनियमच्या चकतीजवळ लोहचुंबक आणून मोटारीला हलकासा लगाम घालायची सुंदर युक्ती आहे, पण तिची पोच थोडीच. ठरलेल्या गतीच्या जरा इकडे, जरा तिकडे, इतकंच. जुन्या ७८साठी निवड करायची झाली तर मी लेन्कोच घेईन.

आता एका प्रश्नाकडे जरा सविस्तर वळतो, कारण तो मराठी घरांत वारंवार उभा राहतो. न्यू जर्सीत किंवा शिकागोत राहणारा भाऊ, मामा, मुलगी जुना टर्नटेबल हौसेने घेऊन येते. इथे २३० व्होल्ट, तिथलं यंत्र ११७ व्होल्टचं, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणला जातो. यंत्र चालू होतं. जळत नाही, वास येत नाही, थाळी फिरते, आणि गाणं मात्र मरगळलेलं. कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारिता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. विजेच्या ठोक्यावर चालणारी मोटार इथे सहाऐवजी पाच पावलं टाकते. ३३⅓च्या जागी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे पडतात, वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते, आणि काळी चारची गायिका पांढरी चारच्याही थोडी खाली जाऊन बसते.

उपाय सोपा आहे आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या दुकानात मिळत नाही. मोटारीच्या दांड्यावर एक छोटी पितळी किंवा प्लॅस्टिकची पुली असते. पन्नास हर्ट्झसाठी तिचा व्यास साठ हर्ट्झच्या पुलीपेक्षा एक पंचमांशाने मोठा असतो. गॅरार्ड, थोरेन्स, ड्युअल अशा बहुतेक युरोपीय कंपन्या दोन्ही पुल्या बनवत, आणि त्या आजही शोधता येतात. न मिळाली तर चांगल्या लेथवाल्याकडून पितळेत कातून घ्यावी. पण माप घेताना मायक्रोमीटरच वापरावा. साध्या पट्टीने मोजून कातलेल्या पुलीतली चूक शेवटी सुरातच जाऊन पोचते. ज्यांच्या मोटारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालतात, उदाहरणार्थ १९७२चा टेक्निक्स एसएल १२०० आणि त्याच्या घरातली पुढची मॉडेलं, त्यांना विजेच्या वारंवारितेशी देणंघेणं नाही. तिथे व्होल्टेज जुळलं की काम होतं.

घरची गती मोजायची जुनी रीत म्हणजे स्ट्रोब चकती. विजेवरचा निऑन दिवा पन्नास हर्ट्झवर सेकंदाला शंभर वेळा उजळतो. चकतीवर १८० रेघा असतील आणि थाळी मिनिटाला ३३⅓ने फिरत असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर गती जास्त, मागे सरकल्या तर कमी. ७८साठी अशा ७७ रेघा लागतात. परदेशातून आलेल्या चकतीवर १८०ऐवजी २१६ रेघा असतील तर ती साठ हर्ट्झची आहे, आपल्या उपयोगाची नाही. घरातले बरेचसे एलईडी दिवे या कामाला चालत नाहीत, ते विजेच्या ठोक्याबरोबर पुरेसे उजळत-मावळत नाहीत. आणखी एक मेख आहे, जी माहितगारांच्याही नजरेतून सुटते. दिवाही त्याच विजेवर आणि मोटारही त्याच विजेवर. विजेची वारंवारिता स्वतःच ढळली तर दोघंही बरोबरीने ढळतात आणि रेघा मात्र शहाण्यासारख्या स्थिर दिसतात. आज ग्रिड पन्नासच्या अगदी जवळ राहतो, त्यामुळे हा धोका पूर्वीइतका उरलेला नाही. तरीही क्वार्ट्झवर चालणारा स्ट्रोब किंवा ३१५० हर्ट्झचा सूर असलेली चाचणीची रेकॉर्ड जवळ ठेवावी. तो सूर मोबाइलमधल्या एखाद्या ट्यूनरला ऐकवला की खरी गती कळते.

सरासरी गती बरोबर असूनही षड्ज हेलकावे खातो, तेव्हा दोष फिरण्याच्या सलगपणात असतो. इथे तानपुऱ्यासारखा परीक्षक नाही. पाश्चात्त्य हौशी लोक पियानोची लांबवलेली सुरावट लावून बघतात, आपल्याला एवढं शोधावं लागत नाही. विलंबित ख्यालाची कुठलीही बाजू लावावी, गायक श्वास घ्यायला थांबतो तेवढ्या जागेत मागचा तानपुरा ऐकावा. तो प्रत्येक फेऱ्याला एकदा उठत-बसत असेल तर थाळी, बेअरिंग किंवा मध्यापासून सरकलेलं रेकॉर्डचं भोक यांपैकी कशात तरी दोष आहे. थरथर त्याहून जलद असेल तर रबरी चाक किंवा मोटार बघावी.

भारतात वापरले गेलेले बहुसंख्य जुने प्लेअर रबरी चाकाचे आहेत. मोटारीचा दांडा चाकाला फिरवतो, चाक थाळीच्या आतल्या कडेला टेकून थाळी फिरवतं. रचना दणकट, ओढ जोरकस. पण यंत्र चालू स्थितीतच दांडा दाबून वर्षानुवर्षं माळ्यावर पडलं असेल तर त्या एका जागी रबरावर खाच पडते, आणि प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा मुका ठोका येतो. कोकणातल्या दमट हवेत रबर चिकट होतं, देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात कडक. चिकट झालेलं चाक टाकून द्यावं. कडक झालेलं पण गोल असलेलं चाक बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं तर पुष्कळदा पुन्हा पकड धरतं. खाच पडलेलं चाक नवं रबर चढवून लेथवर गोल करून घ्यावं लागतं. मूळ भाग जपण्याच्या आग्रहापायी कित्येक संग्राहक तेच खाचेचं चाक ठेवतात. मला ते पटत नाही. काढलेला भाग चिठ्ठी लावून पिशवीत जपून ठेवावा, आणि यंत्रात असा भाग असावा जो फिरेल.

ग्रीसचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठं आहे आणि त्याला कारण आहे. जुन्या ऑटोचेंजरमध्ये कारखान्यात भरलेलं ग्रीस चाळीस-पन्नास वर्षांत सुकून लाखेसारखं घट्ट होतं. आर्म उचलणारी, रेकॉर्ड पाडणारी, शेवटी मोटार बंद करणारी ती पितळ-पोलादाची सगळी गुंतागुंत त्यात अडकून बसते. लोक समजतात की यंत्र मोडलं आहे आणि जोर लावतात. तेव्हा मात्र ते खरोखर मोडतं. खरं तर काहीच मोडलेलं नसतं. भाग एकेक करून सोडवावेत, प्रत्येक पायरीचा फोटो काढावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनं ग्रीस पूर्ण काढावं, आणि नवं ग्रीस अगदी पुसट लावावं. मोटारीच्या सच्छिद्र पितळी बुशना मात्र ग्रीस नको, पातळ मशिन ऑइल हवं. ते बुश तेल पिऊन ठेवतात आणि फिरताना थोडं थोडं सोडतात. थाळीच्या मुख्य बेअरिंगच्या तळाशी पुष्कळदा एकच पोलादी गोळी असते. स्वच्छ करताना ती घरंगळून जाते, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरूनच ते काम करावं. बेअरिंग साफ झालं, ताजं तेल पडलं आणि थाळी हाताने हलकेच ढकलून दिली की ती किती तरी वेळ आवाज न करता फिरत राहते. या कामातला सर्वांत मोठा आनंद मला तिथेच मिळतो, गाणं सुरू होण्याच्याही आधी.

विजेच्या बाजूबद्दल इथे थोडंच सांगतो, कारण तपशील आत आहे. रबरी आवरणाची जुनी वायर वाकवल्यावर तडकत असेल तर चर्चा न करता बदलावी. स्विचवरचा कागदी कपॅसिटरही बदलावा, आणि त्या जागी मेन्सवर चालण्यासाठी बनवलेला एक्स वर्गाचाच घ्यावा.

सुईचं गणित वेगळं. लाँग प्लेच्या खाचेसाठी सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं, ७८साठी ६५ ते ७५. बारीक सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घरंगळत धूळच वाजवते, आणि जाड सुई लाँग प्लेवर लावली तर रेकॉर्डचं कायमचं नुकसान होतं. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन तर फक्त ७८साठीच, आणि एका बाजूला एक. त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. ७८ची तबकडी निव्वळ लाखेची नसते. छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी घडवलेली लाख त्यात बांधणीपुरती, बाकी दगडाची पूड आणि काजळी. ती पूड पिनेला पहिल्याच काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची करते. पुढे झिजत झिजत पिनेला धार येते, आणि तीच पिन दुसऱ्या बाजूला लावली तर ती धार खाच खरवडत जाते. लाखेमुळेच आणखी एक इशारा द्यावा लागतो: ७८ची रेकॉर्ड स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि मधलं लेबल कोरडं, एवढं पुरे.

पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनविषयी विचारणारे पुष्कळ असतात. बाजारात दिसणारे चकचकीत कर्णे बहुतेक नव्याने ठोकलेले आहेत. खाली कुठल्या तरी पेटीतली मोटार, वर नवा साउंडबॉक्स, आणि ओळखीच्या कुत्र्याचं चित्र. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असेल तर ठेवावा, त्याच्यावर जुनी रेकॉर्ड लावू नये. त्यापेक्षा १९३१पासून निघालेला एचएमव्ही १०२ हा पेटीतला ग्रामोफोन कितीतरी सरस. त्याचे गती सांभाळणारे फिरते गोळे आणि त्यांना लगाम घालणारा चामड्याचा तुकडा हे सगळं घरी दुरुस्त करता येतं. फक्त स्प्रिंगचा डबा घरी उघडू नये. गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर हात कापते.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. गोव्याच्या केरीत जन्मलेल्या बाईंचा आवाज सूर्यमालेबाहेर चालला आहे, हा अभिमान रास्तच. पण त्या सोनेरी तबकडीसोबत काय काय गेलं, तेही पाहावं. यानात कार्ट्रिज आणि सुई ठेवलेली आहे. आवरणावर सुई कुठे टेकवायची त्याची आकृती कोरली आहे, आणि तबकडीने एक फेरा किती वेळात पुरा करायचा तेही दिलं आहे: ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे. सेकंद हे माप परक्यांना कळणार नाही म्हणून तो काळ हायड्रोजनच्या अणूच्या एका मूलभूत कालमापात मांडला आहे. ती तबकडी पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं की सामान पोचलं आणि गती पोचली नाही तर केसरबाई पोचणार नाहीत.

आपल्या घराघरांतल्या केसरबाई, हिराबाई, वझेबुवा, कुमार गंधर्व यांच्या रेकॉर्डच्या बाबतीत हेच लागू आहे. संग्रहाचं काम करणारे आपल्याकडे आहेत. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी रेकॉर्ड शोधून, त्यांची माहिती नोंदवून ठेवली नसती तर कितीतरी नावं पुसली गेली असती. पण एकच रेकॉर्ड इंटरनेटवर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकू येते, असा अनुभव कान उघडे ठेवणाऱ्या कुणालाही येईल. ज्याने ती उतरवून घेतली त्याच्या थाळीची गती त्यात कायमची भरली गेली. पुढे ऐकणारा विद्यार्थी तीच पट्टी खरी धरून चालणार. म्हणून घरच्या रेकॉर्ड संगणकावर उतरवून घेण्याआधी यंत्र नीट करा, आणि कोणत्या यंत्रावर, किती फेऱ्यांना, कोणत्या सुईने उतरवलं ते फाइलसोबत लिहून ठेवा.

सुरुवात कोणत्या यंत्रापासून करावी, असं विचाराल तर घरात किंवा नात्यात पडून असलेल्या यंत्रापासून करावी. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६मध्ये बंद झालं आणि नव्या-जुन्या रेकॉर्ड एका छताखाली चाळायची मुंबईतली ती जुनी जागा गेली. पण काका-आत्यांच्या माळ्यांवर अजून पुष्कळ आहे. एचएमव्हीच्या फियेस्टासारखा साधा प्लेअरही मन लावून दुरुस्त केला तर षड्ज धरून ठेवतो. त्याचा सिरॅमिक कार्ट्रिज मात्र रेकॉर्डवर चार-पाच ग्रॅमच्या वर भार टाकतो, तेव्हा दुर्मीळ लाँग प्ले त्याच्यावर लावू नयेत. त्यांच्यासाठी दोन ग्रॅमच्या आसपास चालणारा मॅग्नेटिक कार्ट्रिज आणि फोनो प्रिअॅम्प लागेल, त्याची निवड सातव्या प्रकरणात आहे.

पहिलं प्रकरण बेअरिंगचं आहे. ते उघडण्याआधी यंत्राचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा, आर्म दोऱ्याने बांधून घ्यावा, आणि थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचलावी.